क्लॅशविषयी, ती. आई-बाबांना

ती. बाबा व आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, 'द क्लॅश' या इंग्लिश रॉक बँडच्या ज्या गोंगाटापायी मी कॉलेजात असताना घर डोक्यावर घ्यायचे, त्यात ऐकण्यासारखे काय होते, असे तुम्ही परवा विचारलेत. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते.

हा बँड १९७६ साली लंडनमध्ये उभा राहिला, तेव्हा त्यातल्या पॉल सिमननला बास गिटार (खालचे, खर्जातले सूर देणारी गिटार) धड वाजवताही येत नव्हती. बोटांना जागा सापडावी म्हणून त्याने गिटारच्या पट्टीवर स्वरांची नावे रंगवली होती. पुढच्या वर्षीचा पहिला अल्बम तुम्हाला गोंगाटच वाटेल, आणि त्यात तुमचे फारसे चुकणार नाही. मात्र त्यातही ज्युनिअर मर्विन या जमैकन गायकाचे रेगे, म्हणजे जमैकाच्या संथ ठेक्याच्या संगीतातले, एक गाणे त्यांनी आपल्या पद्धतीने गायले होते, आणि पुढची वाट तिथूनच फुटली. १९७९च्या डिसेंबरात आलेल्या 'लंडन कॉलिंग'मध्ये रेगे, त्याच्याआधीचा जमैकन स्का, जुन्या अमेरिकन रॉकमधली रॉकाबिली असे सारे गुण्यागोविंदाने नांदते, आणि पट्टी रंगवून शिकलेला सिमनन त्यात स्वतः रचलेले गाणे गातो. दोन तबकड्यांचा हा अल्बम एकीच्या किमतीत विकला गेला. १९८०चा 'सँडिनिस्टा!' तर तीन तबकड्यांचा, ३६ गाण्यांचा. तोही स्वस्त मिळावा म्हणून ब्रिटनमधल्या पहिल्या २ लाख प्रतींच्या रॉयल्टीवर त्यांनी पाणी सोडले. बँकेत हयात गेलेल्या तुम्हाला हा आतबट्ट्याचा व्यवहार पटायचा नाही. मला तर त्यातली निम्मी गाणी गाळायला हवी होती असेच वाटते.

'रॉक द कसबा' हे त्यांचे अमेरिकेत सर्वाधिक गाजलेले गाणे. ड्रमर टॉपर हेडनने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, बाकीचे यायच्या आत, ड्रम, पियानो आणि बास असे तिन्ही एकट्याने वाजवून त्याची चाल ध्वनिमुद्रित केली. बँडचा गायक जो स्ट्रमर याचे शब्द मागाहून आले. ते गाणे असलेला 'कॉम्बॅट रॉक' १९८२ मध्ये बाजारात येतो न येतो, तोच हेरॉइनच्या व्यसनापायी हेडनला काढण्यात आले आणि पुढच्या वर्षी गिटारवादक मिक जोन्सलाही. चाल बांधणारे हे दोघे गेल्यावर उरला तो नुसता आवेश; १९८५च्या शेवटच्या अल्बममध्ये तो ऐकवत नाही. १९८६ मध्ये बँड संपला.

तेव्हा बाबा, सुरुवात पहिल्या अल्बमने करू नका. 'लंडन कॉलिंग'मधले सिमननचे ते गाणे, 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन', आधी लावा. आईने आवाज कमी करायला सांगितला तर जरूर करा, पण बास ऐकू येईल एवढा राहू द्या.

तुमची लेक