पावसानं सर्कस का बंद पडावी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातल्या पर्यटनाबद्दल वाचकांची पत्रं आपल्या दैनिकात येत आहेत. रस्ते, पार्किंग, किनाऱ्यावरचा कचरा हे सगळं त्यांत येऊन गेलं आणि ते रास्तच आहे. पण समुद्रावर गेलेल्या माणसानं सूर्य बुडाल्यावर करायचं काय, आणि पाऊस लागला तर बसायचं कुठे, याबद्दल कुणी लिहिलं नाही. म्हणून हे पत्र.

हा प्रश्न मला पडला तो इंग्लंडमध्ये. माझी मुलगी तिथे प्रेस्टनला असते. जुलैत तिच्याकडे होते तेव्हा "आई, इथली माणसं सुट्टीत कुठे जातात ते तरी बघ," म्हणून ती मला आणि नातवाला आगगाडीनं ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी घेऊन गेली. स्टेशनातून बाहेर पडतो तोच पावसानं गाठलं. आपला पाऊस उभा पडतो, तिथला समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री दोनदा उलटी झाली, नातवाच्या बुटात पाणी गेलं. मी मनात म्हटलं, झाली सहल! पण त्या किनाऱ्यावरच्या रस्त्यावर परत फिरताना कुणी दिसेना. जो तो आत शिरत होता.

ते गावच या 'आत' शिरण्यासाठी बांधलंय म्हणा ना. विंटर गार्डन्स ही नाट्यगृहं आणि दिवाणखान्यांची भलीमोठी इमारत १८७८ सालची, ग्रँड थिएटर १८९४ चं. त्याच १८९४ साली ५१८ फुटी लोखंडी मनोराही खुला झाला. पॅरिसचा आयफेल मनोरा बघून तिथल्या नगराध्यक्षांनी त्याचा घाट घातला होता. फरक एवढाच की आयफेलच्या पायांखाली मोकळं आवार आहे आणि इथे चार पायांच्या मधोमध सर्कशीचं रिंगण आहे. कायमचं. मनोरा उघडला त्या वर्षापासूनचं.

आत गेल्यावर मी आधी वर बघितलं. सर्कस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ठिगळं लावलेला तंबू येतो. इथे सोनेरी नक्षीच्या कमानी होत्या. फ्रँक मॅचम या नाट्यगृहं बांधण्यात नाव काढलेल्या वास्तुविशारदानं १९०० साली ही सजावट केली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत त्याचा टिपूससुद्धा ऐकू येत नव्हता.

खेळ सुरू झाला. एक मुलगी छताजवळच्या कडीला लोंबकळत कसरत करत होती. माझं लक्ष मात्र तिच्यापेक्षा खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसाकडे जास्त जात होतं. दिवे फिरत होते, लोक टाळ्या वाजवत होते, पण त्यानं एकदाही मान खाली केली नाही. तिनं एक हात सोडला की याची बोटं दोरावर आवळायची. तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा त्यानं आधी तळवे पँटला पुसले आणि मग टाळ्या वाजवल्या. अशी माणसं नाव छापून न येता आयुष्यभर हेच काम करतात. ती आपल्याकडच्या तंबूतही आहेत.

शेवटी रिंगणाची जमीनच खाली गेली. चहूबाजूंनी पाणी आत आलं आणि मिनिटभरात मघाच्या रिंगणाचा तलाव झाला, त्यात कारंजी उडायला लागली. ४२,००० गॅलन पाणी, म्हणजे जवळपास १ लाख ९० हजार लिटर. टँकरनं पाणी मोजायची सवय असलेल्या आम्हा लोकांच्या हिशेबात १० हजारांचे १९ टँकर! नातू खुर्चीवर उभाच राहिला.

आणि एकही प्राणी नव्हता. "वाघ-सिंह गेले, आता सर्कशीत राहिलंय काय?" हे वाक्य मी इथे इतक्यांदा ऐकलंय की तेवढ्यासाठीच ही सहल लिहावीशी वाटली. आपल्याकडे वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ करायला केंद्राच्या १९९८ च्या अधिसूचनेनं बंदी आली, ती सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये कायम ठेवली. मला ते मनापासून पटतं. लहानपणी रात्री अंथरुणात पडून सर्कशीतल्या सिंहाची डरकाळी ऐकू यायची. तेव्हा गंमत वाटायची, आज तो पिंजरा केवढा होता ते आठवतं. ब्लॅकपूलनं तर प्राण्यांचे खेळ १९९० सालीच थांबवले. तरी भर पावसात घर भरलेलं होतं. तेव्हा सर्कस ओस पडते ती प्राणी गेल्यामुळे, हे मला मान्य नाही.

जोकराचंही तसंच. चार्ली कैरोली नावाचा विदूषक या एकाच रिंगणात १९३९ पासून १९७९ पर्यंत दर हंगामात उभा राहिला. ४० वर्षं! आज्यांनी ज्याला बघितलं त्यालाच नातवंडांनी बघितलं. कलावंताला पक्की जागा मिळाली की असं होतं. आपल्या जोकराचा मुक्काम महिन्याभरात हलतो, त्याचं नाव कुणाला कळणार?

संध्याकाळी एका लहान थिएटरात जादू आणि विविध करमणुकीचा खेळ बघितला. गाणं, नकला, चेंडूंची हातचलाखी, मध्ये मध्ये जादू. जादूगारानं माझ्या नातवाला वर बोलावून दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, मधून कात्रीनं कापली आणि पुन्हा सांधून दाखवली. पोरगं परतीच्या गाडीत ती दोरी कुठे कापली होती ते स्वतःच्या तळहातावर शोधत होतं. मला पुण्याचे जादूगार रघुवीर आठवले, त्यांचा प्रयोग बघून आम्हीही असेच घरी आलो होतो. ब्लॅकपूलच्या जादूगारांचा एक क्लब आहे. १९५३ पासून त्यांचं संमेलन दरवर्षी फेब्रुवारीत भरतं आणि जगभरातून हजारो जादूगार येतात. फेब्रुवारीत, हे लक्षात घ्या. ऐन थंडीत, जेव्हा समुद्रावर पाय ठेववत नाही, तेव्हा त्या गावातली हॉटेलं त्यांनी भरतात.

पाऊस थांबल्यावर मनोऱ्यासमोरच्या फरशीवर फिरलो. विनोदी नटांची नावं आणि त्यांची वाक्यं तिथे दगडी अक्षरांत बसवली आहेत, २०११ साली. माणसं चालता चालता थांबून वाचतात आणि एकटीच हसतात. दादा कोंडके, लक्ष्मीकांत बेर्डे यांची वाक्यं अशी पायाखाली लागली तर आपणही थांबू.

हे सगळं काही श्रीमंतांसाठी उभं राहिलं नाही. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांसाठी राहिलं. तिथे उन्हाळ्यात एकेका गावच्या गिरण्या आळीपाळीनं आठवडाभर बंद ठेवायचे आणि अख्खं गाव आगगाडीनं ब्लॅकपूलला यायचं. आपल्या गिरणगावातल्या कितीतरी गिरण्यांची यंत्रं त्याच मुलखातून आली. आपला कामगार सुट्टीत कोकणात, घाटावर गावी गेला आणि करमणुकीला लालबाग-परळमध्ये तमाशाचे फड आणि दशावतारी नाटकं होती. रसिकता त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. पक्कं छप्पर मात्र फार थोड्यांच्या वाट्याला आलं.

आता इथली गोष्ट. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या भागात एक सर्कस आली होती. अवकाळी पावसानं मैदानाचा राडा झाला. आम्ही शेजारच्या चार बायका मुलांना घेऊन दोनदा गेलो, दोन्ही वेळा खेळ रद्द. तिसऱ्यांदा गेलो तर तंबू उतरवत होते. ऊन पडलं होतं, पण मैदानाच्या परवानगीची मुदत संपली होती आणि संबंधित कार्यालय दोन दिवसही वाढवून द्यायला तयार नव्हतं. व्यवस्थापकांनी तिकिटाचे पैसे बिनबोभाट परत केले. ताडपत्रीखाली एक नेपाळी मुलगी टिकल्यांचे ओले पोशाख दोरीवर वाळत घालत होती. माझ्याबरोबरच्या मुलांना वाईट वाटू नये म्हणून तिनं चिखलातच तीन लिंबं हवेत उडवून दाखवली. आम्हाला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

आणि हे कुठे, तर सांगली जिल्ह्यात! भारतीय सर्कस ज्यांनी सुरू केली ते विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे. कुरुंदवाड संस्थानात ते घोडे तयार करत. १८७९ मध्ये मुंबईला चिआरिनी यांची इटालियन सर्कस आली, ती त्यांनी पाहिली आणि १८८० मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. सर्कशीचं रिंगण मुळात घोड्यासाठीच आखलेलं. घोडा गोल दौडताना पाठीवरच्या स्वाराचा तोल राहावा म्हणून ते ४२ फूट व्यासाचं ठरलं. घोडा जाणणाऱ्या माणसाला त्याची गोम कळायला वेळ लागला नसणार. केरळच्या ज्या थलश्शेरीनं पुढे देशभर कलावंत पुरवले, तिथल्या सर्कसगुरू कीलेरी कुन्हीकण्णन यांना दिशा मिळाली तीही छत्र्यांकडूनच. छत्रे स्वतः ग्वाल्हेरला गाणं शिकलेले. ख्यालगायक भूगंधर्व रहिमतखाँ यांना त्यांनी सांभाळलं, आपल्याबरोबर देशभर फिरवलं. एकाच तळावर झुला आणि ख्याल! 'व्हरायटी शो' म्हणून ब्लॅकपूलला मी जे बघितलं, त्याच्याहून हे कुठे कमी आहे? म्हैसाळच्या देवलांची सर्कसही आमच्याच पंचक्रोशीतली. आमच्या सांगलीत नाटकाला भावे नाट्यमंदिर मिळालं, तसं गावोगावी नाटकाला घर मिळालं. सर्कशीला तंबूच राहिला.

माझं मागणं दोन ठिकाणांसाठी आहे. मालवण, रत्नागिरी, अलिबाग अशा किनाऱ्यावरच्या एखाद्या गावी एक पक्कं, पावसाळ्यातही चालणारं खेळघर बांधावं. दशावतार तिथे आहेच. त्याला रात्रीची ठरलेली वेळ आणि कोरडी जागा द्या, बाकीच्या दिवशी जादूगार, नकलाकार, सर्कसवाले येतील. मुंबई-पुण्याचं कुटुंब सात वाजता खोलीवर जाऊन मोबाइल बघत बसतं, ते तिकीट काढून खेळाला येईल. आणि सर्कशीचं स्वतःचं रिंगण सांगली जिल्ह्यात व्हावं. नाट्यगृह त्याला चालत नाही. झुल्याला उंची लागते, दोर बांधायला छतात भक्कम कड्या लागतात, प्रेक्षक चहूबाजूंनी बसावे लागतात. सोबत सरावाला जागा आणि कलावंतांना राहायला खोल्या हव्यात, म्हणजे सज्ञान मुलंमुली तिथे रीतसर शिकतील.

२०३० मध्ये छत्र्यांच्या सर्कशीला १५० वर्षं होतील. त्या वर्षी पुतळा किंवा कमान उभारण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्यांनी तो खर्च या रिंगणाच्या छपरासाठी ठेवावा, आणि पहिला खेळ जूनमध्ये लावावा, पाऊस चालू असताना.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज