बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मी एका कवितेवर वाद्यवृंदासाठी रचना करतेय म्हटल्यावर फोनवर तुम्ही विचारलंत, "गाणारं कुणी नाही, मग त्यात कविता राहिली कुठे?" हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

कविता १२ ओळींची आहे. रात्रभर नदीचं पाणी चढत राहतं, पहाटे ओसरतं, एवढंच. चेलो आणि डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्यांवर लाटा उठवणं सोपं, ऐकणाऱ्यालाही लगेच कळतं. म्हणूनच मला ते नको. मी घेतलाय तो कवितेचा श्वास. सातव्या ओळीत पूर्णविराम मध्येच येतो. तिथे सगळा वाद्यवृंद थांबतो आणि एकटी व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) सूर धरून राहते. तुम्हाला शब्द ऐकू येणार नाहीत, पण त्या जागी तुमचाही श्वास अडकावा.

दोन्ही वाटा जुन्याच आहेत. फ्रेंच संगीतकार सेन्-साँसच्या १८७४च्या 'दांस माकाब्र'मध्ये सांगाड्यांची हाडं झायलोफोनच्या लाकडी पट्ट्यांवर खडखडतात. मजा येते, पण ते चित्र झालं. दुसरा फ्रेंच संगीतकार देब्युसी, त्यानं कवी मालार्मेच्या कवितेवर १८९४मध्ये केलेली रचना एकट्या बासरीनं सुरू होते आणि गोष्ट अशी सांगतच नाही. बाबा, तुमच्यासाठी हिशेब: त्या कवितेत ११० ओळी, संगीतातही ११० बार. (बार म्हणजे साधारण आवर्तन समजा.)

आई, तू म्हणतेस इतका वेळ कशाला लागतो. सुचतं ते लवकर, लिहिण्यात जीव जातो. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याला 'सी' हा स्वर लिहून दिला की 'बी फ्लॅट' वाजतो, हॉर्नवाल्याचा 'सी' तर 'एफ' होऊन येतो. म्हणजे प्रत्येकाचा कागद वेगळा हिशेब करून लिहायचा. ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्या वादकाला दम घ्यायला जागा ठेवायची. आणि पान उलटायला हात मोकळा हवा, म्हणून पानाच्या शेवटी विराम येईल अशी मांडणी करायची! हे कुणी कौतुकानं ऐकत नाही, पण तालमीत सगळं यावरच अडतं.

शेवटच्या दोन ओळींची लय अजून ठरत नाहीये. कविता सोबत पाठवतेय. आई, तू ती मोठ्यानं वाच, नेहमी वाचतेस तशीच, आणि रेकॉर्ड करून पाठव. बाबा, रेकॉर्डिंग चालू असताना मध्ये बोलू नका.

तुमची,
लेक