रामबागेतली रेकॉर्डिंगची खोली वाचवणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना

आदरणीय साहेब,

सा. न. वि. वि.

तुम्ही फी घेतली नाहीत, सत्काराला यायला नाही म्हणालात आणि नाव कुठे छापायचं नाही असंही बजावलंत. म्हणून हे पत्र नावाशिवाय, पण सगळ्यांसमोर. इंदूरच्या जुन्या वाड्यांत अजून राहणारी पुष्कळ मराठी माणसं आहेत. उद्या त्यांच्याही दारावर वाडा धोकादायक म्हणून पाडायची नोटीस लागली, तर तुम्ही काय केलंत हे त्यांना ठाऊक असावं.

आमच्या अण्णांनी ती खोली वाड्याच्या मागच्या चौकापलीकडे बांधली, स्पूल टेपच्या काळात. १९५५ साली इंदूरला आकाशवाणी आली. मालवा हाउसमधले स्टुडिओ त्यांनी डोळे भरून पाहिले आणि तसं काही आपल्या परसात उभं करायचं मनावर घेतलं. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी. दारं दोन, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. काथ्याच्या थरावर लाकडी जमीन. भिंतींवर भोकांचे बोर्ड आणि त्यामागे पुन्हा काथ्या. खिडकीला दोन काचा, एक जाड, एक पातळ, आणि त्यातली एक जराशी कललेली, म्हणजे आवाज दोन काचांत अडकून घुमत राहात नाही. इथे भजनी मंडळं गायली, शाळेतल्या बाई भावगीतं गायल्या, माझ्या गुरूंचा मारवा इथेच टेपवर उतरला. नोटीस आली तेव्हा मालकांची पुढची पिढी पुण्याला होती आणि बिल्डरचा नकाशा तयार होता. नकाशात त्या खोलीच्या जागी पार्किंग होतं.

तुम्ही आलात ते फक्त एक नजर टाकायला. पण मग कपडे न सांभाळता माळ्यावर चढलात. लाकडी खांबांच्या बुंध्यांत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिलात, हातोडीनं गिलावा वाजवून कुठे पोकळ आहे ते खडूनं आखलंत. खोलीच्या भिंतीवरच्या भेगांवर प्लॅस्टरनं काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्यात आणि प्रत्येकीखाली तारीख लिहिलीत. भेग हलली तर काच तडकेल, असं आमच्या विद्यार्थिनींना समजावून सांगितलंत. सगळा पावसाळा त्या मुली रोज काचा बघत होत्या. एकही तडकली नाही. ओल येत होती ती पायातून नव्हती, फुटलेल्या पन्हाळीतून होती, हेही तुम्हीच शोधलंत.

आणि मग अहवालात तुम्ही लिहिलंत की वाड्याचा पुढचा भाग खरोखरच धोकादायक आहे. खांब वाळवीनं आतून खाल्लेत, रस्त्याकडच्या भिंतीला पोट आलंय, तो भाग उतरवलाच पाहिजे. त्या दिवशी आमच्यातले काही जण तुमच्यावर नाराज झाले. संपूर्ण वाडा सुरक्षित आहे असं तुम्ही लिहावं, अशी त्यांची इच्छा होती. तुम्ही बधला नाहीत. “खालून शाळेची मुलं जातात,” एवढंच म्हणालात. साहेब, ती खोली वाचली ती याच एका वाक्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. पुढचा भाग पाडा असं सांगणाऱ्या माणसानं मागची खोली स्वतंत्र पायावर आहे, पन्हाळ बदलून आणि भेगा भरून ती उभी राहील, असं लिहिलं, तेव्हा कुणालाच ते मोडीत काढता आलं नाही. बिल्डरलासुद्धा नाही. नोटीस मिळालेल्यांना माझं हेच सांगणं आहे: इंजिनिअरकडून प्रत्येक भागाचा वेगळा निकाल मागा.

टेपा डिजिटल करून घ्या, यंत्रं संग्रहालयाला द्या, खोलीचा हट्ट कशाला, असं आम्हाला सांगणारी माणसं भली होती. पण टेपवर गळ्याबरोबर खोलीही उतरलेली असते. तंबोऱ्याची आस किती वेळ रेंगाळते, खर्ज किती भरून येतो, हे त्या भिंतींनी आणि त्या आकारानं ठरवलेलं असतं. टेप दुसरीकडे नेता येते, हे नेता येत नाही. आपल्याकडे रेकॉर्डिंगची सुरुवातच उसन्या खोल्यांत झाली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गनं कलकत्त्यात गोहरजान यांचं गाणं घेतलं ते हॉटेलात मांडलेल्या तात्पुरत्या स्टुडिओत. तेव्हापासून आपण गायक लक्षात ठेवतो, राग लक्षात ठेवतो, खोली कोणती ते कुणी विचारत नाही. लताबाई १९२९ साली आपल्या इंदुरात जन्मल्या हे आपण अभिमानानं सांगतो, आणि शीख मोहल्ल्यातल्या त्या जागी आज दुकान आहे.

अमेरिकेत नॅशव्हिलला आरसीए स्टुडिओ ए ही इमारत २०१४ साली फ्लॅटसाठी पाडायचं घाटत होतं. तिथे भाडेकरू असलेले संगीतकार बेन फोल्ड्स यांनी उघडं पत्र लिहिलं, लोक जागे झाले, आणि ऑब्री प्रेस्टन यांनी साथीदारांसह ती ५६ लाख डॉलरना विकत घेतली. आम्हाला एक भिंतही विकत घेणं शक्य नव्हतं. आमच्या हातात होता तो तुमचा अहवाल.

आता पुढचा भाग उतरलाय. मालकांच्या मुलांनी मागचा चौक आणि खोली वगळून नवा नकाशा करून घेतला, त्यांचेही आभार मानायचे आहेत, ते वेगळ्या पत्रानं. खोदकाम खोलीच्या पायापासून लांब ठेवा आणि आधी टेकू लावा, ही तुमची सूचना ठेकेदारानं पाळली. पन्हाळ नवी बसली. बोर्डांमागचा कुजलेला काथ्या मात्र बदलायचा आहे आणि तो किती जाड घ्यायचा यावर आमच्यात मतभेद आहेत. येत्या रविवारी सकाळी माप घेणार आहोत. काकूंना घेऊन या, पोहे इथेच होतील.

आपली,
रामबागेतली गाणं शिकवणारी बाई