‘मेयेबेला’ हा एक शब्दच पुरेसा आहे

संपादक साहेब, नमस्कार. परवा बांगलादेशी लेखिका तसलिमा नासरीन यांचं ‘आमार मेयेबेला’ हे लहानपणाचं आत्मकथन वाचून संपवलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. बंगालीत लहानपणाला सर्रास ‘छेलेबेला’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मुलग्याचे दिवस, मग मुलीने आपलं लहानपण सांगायचं तरी कोणत्या शब्दात? म्हणून बाईंनी ‘मेयेबेला’ वापरला. मला तर तिथेच अर्धं पुस्तक कळलं.

१९७१ चं युद्ध, मयमनसिंह शहर सोडून पळणारं कुटुंब, ही मुलगी तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची. पण मला जास्त टोचलं ते घरातलं. वडील डॉक्टर, अभ्यासासाठी मारणारे, आणि आई हळूहळू एका पीराच्या नादी लागलेली. बाहेरचं युद्ध संपतं हो, घरातलं कुठे संपतं! (आईबद्दल जरा कठोर लिहिलंय असं मला वाटलं, पण ते असो.)

१९९९ मध्ये पुस्तक आलं, बांगलादेशात बंदी, आणि २००० मध्ये कोलकात्यात त्यालाच बंगाली साहित्यातला मानाचा आनंद पुरस्कार. बंदी घालणाऱ्यांनी पुस्तक वाचलं तरी होतं का, देव जाणे. तुमच्या रविवार पुरवणीत यावर नीट लेख येऊ द्या की, नुसतं वादावर नको, पुस्तकावर.

– एक वाचक