खोडदचं नाव राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कृष्णविवरांवर अर्धं पान होतं. आनंद झाला, पण दोन गोष्टी खटकल्या. एक, 'सर्व काही गिळणारा राक्षस' हा मथळा. दुसरी, भुजंगधारी दीर्घिकासमूहातला (म्हणजे आकाशगंगांच्या एका जथ्यातला) कृष्णविवराचा प्रचंड स्फोट 'नासाने शोधला' एवढंच छापून लेख पुढे सरकला.

मी जुन्नर तालुक्यात २९ वर्षं विज्ञान शिकवलं. विज्ञान दिनाला मुलांना खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला नेणं ठरलेलं. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना बघितल्या की पहिला प्रश्न, "सर, ही नुसती जाळीच की, पाऊस गळेल ना?" (गळू दे. लांब रेडिओ लहरींना ती जाळीच आरशासारखी, आणि वारा आरपार जातो ते वेगळंच.) दुसरा प्रश्न मागच्या बाकावरचा: "भोकातून काही सुटत नाही म्हणता, मग फवारा येतो कुठून?" (फवारा म्हणजे कृष्णविवराजवळून सुटणारा वायूचा झोत.)

भोकातून येतच नाही. भोवती गरगरणाऱ्या वायूतला थोडा भाग आत पडण्याआधीच चुंबकीय क्षेत्राच्या पिळात सापडतो आणि दोन्ही ध्रुवांकडून जवळपास प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. हेबर कर्टिस यांनी १९१८ साली एम ८७ दीर्घिकेत अशाच फवाऱ्याची सरळ रेघ नोंदवली, तेव्हा 'कृष्णविवर' हा शब्दही नव्हता.

आता भुजंगधारीचं. अंतर सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षं. तिथल्या तप्त वायूत नासाच्या चंद्रा या अवकाश दुर्बिणीला क्ष-किरणांत एक वाकडी कड दिसली होती. पण ती वायूत पडलेल्या खड्ड्याची कड असेल आणि एवढा प्रचंड खड्डा फवाऱ्याने पडेल, हे आधी कुणाला पटेना. मग खोडदच्या जीएमआरटीने आणि ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरी त्याच खड्ड्यात भरलेल्या निघाल्या, अगदी कडेला कड लागून. २७ फेब्रुवारी २०२० ला हे जाहीर झालं, विज्ञान दिनाच्या आदल्याच दिवशी.

मुलांना मी गुऱ्हाळ सांगायचो. चुलवणात चिपाडं पडताहेत तोवर काहिलीतला रस निवत नाही, आणि निवल्याशिवाय ढेप बसत नाही. दीर्घिकासमूहातल्या कोट्यवधी अंश तापलेल्या वायूचं तसंच. तो निवला तर मध्यभागी साचून त्याचे तारे होत राहणार. फवारे त्याला निवू देत नाहीत. गंमत अशी की चिपाडं त्याच उसाची असतात: निवून आत ओघळलेला वायूच कृष्णविवराला पोचतो आणि पुन्हा फवारा पेटतो. भुजंगधारीत मात्र सध्या चुलवण विझलेलं दिसतं. आयसी ५०६३ या दीर्घिकेत तर फवारा तिच्या तबकडीतच आडवा घुसून ताऱ्यांमधला वायू ढकलत नेतो. याला राक्षस म्हणायचं की गुळव्या, तुम्हीच ठरवा.

दोन ओळींचं शुद्धिपत्र पुरेल. फक्त 'नारायणगावजवळची दुर्बीण' असं मोघम न लिहिता 'खोडद' असं स्पष्ट लिहावं. नाहीतर पारावर मलाच ऐकून घ्यावं लागतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. जुन्नर, जि. पुणे