मामा, तुम्ही मान वळवलीत म्हणून

मामा, सादर नमस्कार.

सेलूच्या गणपतीतला माझा पत्त्यांच्या जादूचा कार्यक्रम होऊन आठवडा झाला, तरी कॅट हातात घेतला की ते चार-पाच क्षण आठवतात आणि घसा दाटून येतो. तोंडानं सांगणं जमलं नाही म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही काय केलंत ते त्या मांडवात कुणालाच कळलं नाही.

५२ पानांचा एक क्रम मला पाठ आहे, माझे खेळ त्यावरच चालतात. सतरावं पान कोणतं, किलवर सत्ती कितव्या जागी, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण आपल्याकडची माणसं पारावर मेंढीकोट अन् रमी खेळत मोठी झालेली. कॅट दिसला की हात पुढं येतोच, "आण इकडं, मी पिसतो." पिसलेली पानं किती तऱ्हांनी लागू शकतात तो आकडा ६८ अंकी आहे. त्यातून आपला एकच क्रम, गप्पा मारता मारता, लोकांच्या डोळ्यांदेखत परत आणायचा.

मोठ्या शहरातल्या एका क्लासवाल्याला मी हेच विचारलं होतं. आठ हजार आगाऊ घेऊन त्यानं उत्तर दिलं, "पब्लिकच्या हातात कॅट द्यायचाच नाही." पुन्हा विचारल्यावर फोन उचलणं बंद केलं. पैशांपेक्षा मला त्या उत्तराचा राग आहे. ज्याला पिसूच दिलं नाही, त्याला नवल कशाचं वाटणार?

तुम्ही मात्र एसटीतल्या कंडक्टरकीवरून सुरुवात केलीत. तिकीट फाडायचं, सुट्टे मोजायचे, अन् बघायचं प्रवाशाच्या तोंडाकडं. पानं पसरता पसरता हवं ते गुपचूप खाली सरकवण्याच्या रीतीला १९व्या शतकातल्या व्हिएन्नाच्या होफझिन्सर यांचं नाव आहे, हेही तुमच्याच ओसरीवर कळलं. "सगळं एका दमात लावू नको. या खेळात थोडी, पुढच्या खेळात थोडी. घाई कामून करायलीस पोरी?" बाकीचं इथं लिहीत नाही. ते आपल्या दोघांत राहू दे.

त्या रात्री पुढं आलेल्या आजोबांनी कॅट तीनदा पिसला आणि वर काटलाही. दोन खेळ होईतो मी जवळजवळ सगळी पानं जागेवर आणली होती. चारच उरली होती, आणि हात थरथरायला लागला. मागून एक पोरगा ओरडला, "हातांकडं बघा रे, हातांकडं!" माझ्या अंगातलं त्राण गेलं. तुम्ही पहिल्या रांगेत. माझी बोटं काय करताहेत हे ओळखणारे त्या मांडवात तुम्ही एकटेच होता. तुम्ही चष्मा काढलात, मान वळवलीत आणि त्या आजोबांना मोठ्यानं विचारलंत, "दादा, पान ध्यानात हाय न?"

सगळा मांडव आजोबांकडं वळला. चार पानं जागेवर गेली. नंतर लोकांनी टाळ्या मला दिल्या.

मामा, बघण्यासारखं असतं तेव्हा सगळेच बघतात. दुसऱ्याचा हात थरथरतो तेव्हा नजर बाजूला नेणारी माणसं थोडी. सोयाबीन पाण्यात गेलेल्या घरी बसून पिकाचा शब्द न काढता लेकरांचा अभ्यास विचारणारी, लग्नात आहेर हलका दिसला तर पाकीट न उघडता खिशात ठेवणारी. अशा माणसांच्या जिवावरच आपल्याकडं घरं उभी आहेत, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या घरी पत्ते म्हणजे जुगार. त्या रात्री आई शेवटच्या रांगेत उभी होती, हे मला घरी गेल्यावर कळलं. ती काही बोलली नाही, पण सकाळी कॅट देवघराशेजारच्या फळीवर नीट ठेवलेला दिसला.

कार्यक्रम संपल्यावर स्टॅन्डसमोर आपण चहा घेतला. तुम्ही पावसाबद्दल बोललात, गुडघ्याबद्दल बोललात, त्या चष्म्याचा विषय काढला नाहीत. म्हणून मलाही काढता आला नाही. तो आज काढते आहे.

तुमची,
पानं पाडणारी पोर