कासला पायवाट द्या, साहेब

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : कास तलावाभोवती दिवसभराच्या पायी फेरीसाठी वाट आखण्याबाबत

महोदय,

साताऱ्याच्या पश्चिम भागात माझं घर आहे. सकाळी आमच्या नळाला येतं ते कासचं पाणी. माझ्या लहानपणी ते उघड्या पाटातून डोंगराच्या कडेकडेनं शहरात उतरायचं. तेव्हा आम्हा पोरांसाठी कासला जाणं म्हणजे पाटाच्या उलट दिशेनं चालत राहणं. फुलं बघायला जातात हे फार नंतर कळलं.

गेल्या सप्टेंबरात तलावाच्या काठावर एक गाडीवाला त्याच्या प्रवाशांना सांगत होता, "हे ज्वालामुखीचं तोंड आहे, आतून बुजलंय." त्यातल्या एका लहान मुलीनं घाबरून आईचा हात धरला. मी न राहवून मध्ये बोललो, आणि अशा वेळी लोक ज्या नजरेनं बघतात ती नजरही सोसली. कास तलाव हा ब्रिटिश काळात बांध घालून अडवलेलं पाणी आहे. ज्वालामुखीचा संबंध आहे, पण तो पायाखालच्या दगडाशी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचाच हा सह्याद्री. शंकूसारखा डोंगर आणि त्याला वर तोंड, असं इथं नाही. गोल विवरातलं तळं बघायचं तर लोणारला जावं; तेही उल्केच्या आघातानं झालेलं. हे चार ओळींत सांगणारा साधा फलक तलावाजवळ मला तरी दिसला नाही. सेल्फी पॉइंटचे फलक मात्र वाटेत तीन मोजले.

आता सड्याविषयी, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठाराविषयी. वरच्या बेसाल्टची, म्हणजे त्या लाव्हाच्या काळ्या दगडाची, ऊन-पावसानं झीज होऊन जांभा दगड झाला आणि त्यावर माती म्हणाल तर बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात पाणी त्या थरावर साचून राहतं आणि मातीतला कस धुऊन जातो. म्हणून तर सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती इथं किडे खाऊन पोट भरतात. दवबिंदूच्या चिकट केसांत अडकलेली मुंगी मी एकदा अर्धा तास ओणवा बसून बघितली. तिची धडपड थांबली तरी पान मिटतच होतं. माझ्या मागून त्या वेळात चार-पाचशे माणसं गेली असतील. एकही वाकलं नाही. त्यांचा दोष नाही. दोन तासांत फोटो काढून, कणीस खाऊन, अंधाराच्या आत यवतेश्वरचा घाट उतरायचा असतो.

त्याच दिवशी एक गृहस्थ रील काढायला गेंदाच्या ताटव्यात चार पावलं आत गेले. बुटाचे चार ठसे उमटले, त्यांत पाणी भरलं. ऑक्टोबरात मी मुद्दाम पुन्हा गेलो. पाणी आटलं होतं, ठसे तसेच होते, टाचेच्या नक्षीसकट. बोटभर मातीला झालेली जखम अशी असते.

मध्यंतरी सड्याला जाळी घातली, मग काढलीही. ऑनलाइन नोंदणी आली, शुल्क आलं, माणसं मोजली जाऊ लागली. हे सगळं ठीकच. पण गर्दी उभी राहते ती त्याच दोन-तीन जागी, कारण तिला जायला दुसरीकडे वाटच नाही. त्याच कासला कुमुदिनी तलावाकडे जाणारा जुना राजमार्ग बघा. वाट ठळक आहे, म्हणून लोक वाटेवरूनच चालतात आणि दोन्ही बाजूंची फुलं उभी राहतात. शिपाई लागत नाही, शिट्टी लागत नाही.

माझी मागणी एवढीच : तलावाभोवती अशीच एक वाट आखून द्या. नवी खोदू नका. गुरांच्या वाटा आहेत, गावकऱ्यांच्या लाकूडफाट्याच्या वाटा आहेत, त्याच जोडा. बांधाची उंची वाढली आणि काठची जुनी वाट बरीचशी पाण्याखाली गेली. परवा मी जुन्या आठवणीवर विसंबून चाललो आणि गुडघाभर चिखलात रुतलो. गुरं वळणाऱ्या एका पोरानं काठी पुढे करून ओढून काढलं आणि वर विचारलं, "काका, हितनं कोन जातंय व्हय आता?" त्याला नवी वाट ठाऊक होती. जांभूळ-अंजनीच्या रानातून ती वर चढते आणि सड्याला न शिवता पलीकडे उतरते. आखणीला असली पोरं घ्या, सल्लागार नंतर बघू.

वाटाड्ये आसपासच्या गावांचेच असावेत, दहा-बारा माणसांमागे एक. हा आग्रह पर्यटकांच्या सोयीपुरता नाही. रानात गवे आहेत, अस्वलं आहेत. धुकं उतरलं की हातभर पुढचं दिसत नाही. दुपारी गावातल्या घरी नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळालं तर माणूस दिवसभर रमेल आणि पैसाही गावात राहील. आत्ता तो हॉटेलात आणि पार्किंगमध्ये जातो.

तंबू, बोटी, काठावर जेवणावळी यातलं काहीही नको. हे पिण्याचं पाणी आहे, माझ्या नळाचं. त्यात कुणी पाय धुतलेले मला चालणार नाहीत, मग तो जागतिक वारसा बघायला आलेला पाहुणा का असेना. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांत कासचं नाव घातलं. तेव्हापासून वर जाणाऱ्या गाड्या वाढल्या. चालणाऱ्यासाठी काय वाढलं, ते शोधतोय.

खर्च फार नाही. दगडांवर रंगाचे बाण, दोन-तीन ओढ्यांवर साकव, चार फलक. सिमेंटचे ब्लॉक आणि लोखंडी कमान अंदाजपत्रकात घुसली तर कृपया स्वतः कात्री लावा.

आणि वाट झालीच, तर उद्‌घाटनाचा मांडव खाली साताऱ्यात घाला. वर घातला तर खांब सड्यात रोवावे लागतील.

आपला,
कासचं पाणी पिणारा एक सातारकर